बेस्तवारपासून काय बदललं

राग आला की मी भाजी चिरत बसते. त्या शनिवारी मी टोपलंभर वांगी चिरली आणि घरात खाणारी माणसं चार. शेवटी निम्मी म्हशीपुढं टाकावी लागली, तीसुद्धा माझ्याकडं नवलानं पाहत होती. राग कशाचा होता ते सांगते. पण आधी मंजुषा कोण ते सांगितलं पाहिजे, नाही तर तुम्ही म्हणाल, ही म्हातारी एका कॉम्प्युटरवर एवढी चिडली.

मंजुषा माझी नात, माझ्या देवरावची पोरगी. मोर्शीच्या बाहेर आमचा मळा आहे. झेंडू, वांगी, मेथी, आणि बांधाच्या कडेला संत्र्याची काही झाडं. लहानपणी ही पोरगी चालत कुठं गेलीच नाही, जायची ती पळत. संत्र्यावर चढली की उतरायची नाही. खालून मी ओरडत असले तर वरून सालपटं माझ्या डोक्यावर टाकायची आणि म्हणायची, आजी, पाऊस आला.

तिला बार्शीटाकळीकडं दिली. जावयाचं नाव नितेश. दिसायला बरा, बोलायला गोड, आणि मोटारसायकल अशी चालवायचा की जणू मागं कोणी बसलंच नाही. अकोल्याहून येताना मंजूचा पदर मागच्या चाकात गेला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. ही मानेवर पडली. तेव्हापासून खांद्याखालचं अंग तिचं राहिलं नाही. हात मांडीवर ठेवले तर तिथंच, उचलून उशीवर ठेवले तर उशीवर. मान हलते आणि तोंड चालते. तोंड पहिल्यासारखंच चालते, ती एक देवाची कृपा.

दवाखान्यातून सोडल्यावर नितेशनं तिला आमच्याकडं आणून घातली. म्हणाला, चार दिवस माहेरी राहू द्या. ते चार दिवस अजून संपायचे आहेत. त्यानं अकोल्यात दुसरी बाई घरात आणली. इतक्या वर्षांत त्याचा फोन एकदाच आला, तो मोटारसायकलचे कागद आमच्याकडं राहिले का ते विचारायला.

मंजू बरेच दिवस छताकडं पाहत पडून होती. कोणी बोललं तर उत्तर द्यायची, नाही तर नाही. मग अमरावतीच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या एका मॅडमनं देवरावला सांगितलं की मानेवर कॉम्प्युटर चालवता येतो, त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळते. देवरावनं एका ऑफिसातून काढून टाकलेला कॉम्प्युटर आणला. पडदा पुढून चपटा, मागून पोटुशी बाईसारखा. त्याच्यावर एक कॅमेरा लावला. आता याची गंमत अशी की पडद्यावर आपलं तोंड दिसते. माऊसनं त्या तोंडावर एक बारकी चौकट नेऊन ठेवायची. चौकट त्या जागेला धरून राहते, आणि मग मान जिकडं वळेल तिकडं पडद्यावरचा बाण जातो. बाण एका जागी जरा थांबवला की बटण दाबल्यासारखं होते. देवराव रोज सकाळी मंजूला खुर्चीत बसवायचा, पट्टा बांधायचा, दोन भुवयांच्या मधोमध चौकट ठेवायचा आणि मळ्यात जायचा. तहान लागली तर ती हाक मारणार, बाकी तिचं राज्य.

हळूहळू ती लग्नपत्रिका बनवायला शिकली. अमरावतीला ओमप्रकाश म्हणून एक छापखान्यावाले आहेत, त्यांचं काम ती घेऊ लागली. गणपती कुठं ठेवायचा, वेलबुट्टी कशी फिरवायची, सगळं मानेनं. आणि डोकं असं की मजकुरात मामाचं नाव सुटलं तर पत्रिकेवाल्यांना फोन लावायला सांगून विचारायची, मामा आहे की भांडण आहे? सुटलेल्या मामांवरून लग्नात होणारी किती भांडणं या पोरीनं खुर्चीत बसून वाचवली. आमच्या गल्लीतल्या बाया आधी "बिचारी मंजुषा" म्हणायच्या. मग म्हणू लागल्या, "मंजू, आमच्या पोट्टीची पत्रिका तूच कर." बिचारी हा शब्द एका डब्यानं पुसला. त्या डब्याला मी दसऱ्याला हार घालायची ते उगाच नाही.

आता तो बेस्तवार.

मी परतवाड्याला बहिणीकडं गेले होते. नितेश अकोल्यात पोटाच्या दुखण्यानं गेला. बार्शीटाकळीहून त्याची बहीण आणि चुलती जीप करून आमच्या घरी आल्या. बातमी सांगितली. मंजूच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं, चहा घेतला आणि गेल्या. फुटलेली काच मंजूच्या मनगटात घुसली होती. तिला समजणार कसं, हाताला जीवच नाही. संध्याकाळी चादरीला रक्त लागलं तेव्हा माझ्या सुनेला, शालूला, दिसलं.

मी शुक्रवारी दुपारच्या गाडीनं आले. मंजूचं उघडं कपाळ पाहिलं, मनगटाची पट्टी पाहिली आणि चप्पल काढायच्या आधी शालूला विचारलं की तू घरातच होती ना. ती म्हणाली, रीत आहे आत्याबाई, मी काय त्यांचा हात धरू? मी म्हटलं, पोरीला तिचा हात उचलता येत नाही, तर तिच्या मायनं नको धरायला? शालू रडायला लागली. मग मला गप्प बसावं लागलं. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा माझ्या सुनेचा जुना डाव आहे. पण त्या दिवशी तो डाव नव्हता, हेही मला दिसत होतं.

आणि त्यातच कॉम्प्युटर बिघडला. शुक्रवारी सकाळी देवरावनं रोजच्यासारखी भुवयांच्या मध्ये चौकट ठेवली, तर ती घसरून कानावर गेली. पुन्हा ठेवली, केसात गेली. तिसऱ्यांदा मंजूला सोडून मागं खिडकीला लावलेल्या पडद्याच्या फुलावर जाऊन बसली. बाण कोपऱ्यात मरून पडलेला. ओमप्रकाशांना एक पत्रिका रविवार संध्याकाळपर्यंत पाहिजे होती, आणि त्यांनी आधीच बजावलं होतं की उशीर झाला तर पुढचं सगळं काम अमरावतीतल्या एका पोराकडं जाईल. म्हणजे मंजू पुन्हा खाटेवर, आणि छत.

देवरावचं मत ठरलेलं होतं. डबा चालू केला की रोज एक पाटी यायची, ही सिस्टीम जुनी झाली, आता कंपनी हिच्याकडं पाहणार नाही. देवराव म्हणाला, दिवस भरले त्याचे. शालूचं मत त्याहून वाईट. शनिवारी सकाळी ती हळूच म्हणाली, आता हिनं लग्नाच्या पत्रिकेला हात लावावा, हे देवाच्याच मनात नसेल.

हात! माझ्या नातीचा हात! तेव्हा मी विळी काढली.

त्याच सकाळी गजेंद्र आला. कॉम्प्युटर दुरुस्त करतो, शिकलेला पोरगा, देवरावच्या ओळखीचा. आल्या आल्या त्यानं डबा उघडून पाहिला, फुंकर मारली, सगळी धूळ माझ्या वांग्यांवर. मग पडद्यासमोर बसला. मंजू त्याच्या शेजारी खुर्चीत, आणि हा सगळं बोलतो ते देवरावशी.

"काका, हे सिस्टीमच म्हातारी झाली."

मी खालून म्हटलं, "म्हातारं झालं का काम करत नाही, असं कोणं सांगतलं तुले?"

तो हसला आणि कामाला लागला. कॅमेरा पुसला. कॅमेऱ्याची वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. ट्यूबलाइट बंद करून खिडकी उघडली, मग खिडकी बंद करून ट्यूबलाइट लावली. सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि पुन्हा घातलं. त्याचं नवीन रूप आणून घालायला गेला तर डब्यानं घेतलं नाही. हे या सिस्टीमवर चालत नाही, अशी पाटी आली. सिस्टीम नवीन घालावी तर डब्यात तेवढा दम नाही. तो प्रत्येक वेळी देवरावकडं वळून सांगत होता आणि देवराव प्रत्येक वेळी मान डोलावत होता. ज्या माणसाची मान या घरात खरं काम करते, तिच्याकडं दोघांपैकी एकाचंही लक्ष नाही.

मंजू पहिल्यांदा म्हणाली, "दादा, बुधवारी तं चांगलं चालत होतं. बेस्तवारपासून काय बदललं ते पाय ना."

गजेंद्र म्हणाला, हो ताई, पाहून राहिलो. आणि वायर पाहत राहिला.

दुसऱ्यांदा तिनं तेच म्हटलं तेव्हा त्यानं देवरावला विचारलं की बेस्तवारी लाइट गेली होती का, इंटरनेटवरून काही आपोआप उतरलं का. देवरावनं आठवून सांगितलं की लाइट गेली होती. मग दोघं लाइटवर बोलत बसले. तिसऱ्यांदा मंजूनं वाक्य पूर्ण केलंच नाही. नुसतं म्हणाली, "बेस्तवार." आणि डोळे मिटून घेतले. माझी विळी तेवढी चालू होती.

शेवटी गजेंद्र देवरावच्या कानाशी लागला. हळू बोलला, पण माझे कान चांगले आहेत. म्हणाला, ताईची मान कापत असेल, एवढं दुःख झालं आहे, कॅमेऱ्याला ते झेपत नसेल. एकदा दुसऱ्या कोणाला बसवून पाहू. देवराव तोवर मोटार बंद करायला मळ्यात निघाला होता. शालू चुलीपाशी. उरले मी.

"आजी, बसता का जरा?"

मी पदराला हात पुसले आणि मंजूच्या खुर्चीला लावून स्टुलावर बसले. आजपर्यंत मी त्या डब्याला हार घातला होता, त्याच्यापुढं तोंड कधी नेलं नव्हतं. पडद्यावर माझं नाक मला वाटत होतं त्याहून बरंच मोठं निघालं. गजेंद्रनं माझ्या भुवयांच्या मधोमध चौकट ठेवली आणि म्हणाला, मान वळवा. मी मंजूकडं वळले. बाण तिकडं गेला. मी चुलीकडं वळले, बाण चुलीकडं. वर पाहिलं, वर. मी खाली वांग्यांकडं पाहिलं तर तोही खाली वांग्यांकडं. एवढं शहाणं जनावर आमच्या गोठ्यातसुद्धा नाही.

गजेंद्रचं तोंड उघडं राहिलं. तो पडद्याच्या जवळ गेला, मग माझ्या तोंडाच्या जवळ आला.

"हे काय हाये आजी, कपाळावर?"

"गोंदण. लहानपणी बहिरमच्या जत्रेत माह्या मायनं गोंदून घेतलं. मी लय रडली होती. मंग तिनं रेवड्या घेऊन देल्ल्या."

तो स्वतःशीच बोलल्यासारखा सांगू लागला की चौकटीला धरायला काहीतरी लागते. सपाट कातडी सगळीकडं सारखी, तिच्यावर ती घसरते. ठिपका असला तर त्याला धरून बसते. म्हणजे सिस्टीम चांगली आहे, कॅमेरा चांगला आहे. बोलता बोलता तो थांबला. सकाळपासून तो घरात होता, आणि मंजूच्या तोंडाकडं त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

"ताई, इथं पयले काही होतं का?"

"टिकली होती," मंजू म्हणाली.

चुलीवर भाकर करपल्याचा वास आला, पण शालू हलली नाही.

मी मंजूला विचारलं, "तुले माईत होतं?"

"शुक्रवारी सकाळीच समजलं, आजी. चौकट घसरली तवाच."

"मंग बोलली कावून नाही?"

"काय बोलू? नवऱ्याची राख गरम हाये अन् मले टिकली पाह्यजे, असं?"

माझ्या मनात जे आलं ते इथं लिहीत नाही, छापणाऱ्याला लाज वाटेल. दोन दिवस ही पोरगी गप्प बसून ऐकत होती. डबा म्हातारा झाला, लाइट गेली, तिचीच मान कापते, देवाच्या मनात नाही. आणि तिला ठाऊक की बिघाड कुठं आहे. बिघाड तिच्या कपाळावर होता आणि तो करणाऱ्या बाया चहा पिऊन गेल्या होत्या.

गजेंद्र बिचारा चांगल्या घरचा. त्यानं पिशवीतून वायरीला लावायची काळी चिकटपट्टी काढली आणि म्हणाला की टिकलीच पाहिजे असं नाही, याचा बारीक तुकडा नाकावर लावला तरी चालेल, कोणाला काही बोलायला जागा नाही. शालूचा जीव भांड्यात पडला. ती लगेच म्हणाली, तेच करा, तेरवी होईपर्यंत तरी तेच करा. देवराव मळ्यातून आला होता, त्यानंही मान डोलावली.

माझ्या जिभेवर उत्तर होतं. पण सकाळपासून या घरात मंजूच्या वतीनं सगळे बोलत होते, त्यात माझी एक भर कशाला? मी म्हटलं, "मंजू, तू सांग."

मंजूनं चिकटपट्टीकडं पाहिलं, मग मायकडं.

"आई, टिकली तू मले पाळण्यात असतानी लावली. नितेश तं मंग आला. त्याची वस्तू असती तं मांगतली असती त्यानं, मोटारसायकलचे कागद मांगतले तशी." मग गजेंद्रला म्हणाली, "नाकावर नको, दादा. जिथं होती तिथंच."

शालू म्हणाली, "लोकं काय म्हणतीन वं, मंजू? आत्याबाई, तुमी तरी समजवा."

मी समजावलं, पण शालूला. तिला सांगितलं की माझ्या वेळी बायांनी कुंकू पुसलं तेव्हा गोंदणही घासून पाहिलं होतं, ओल्या फडक्यानं. ते निघालं नाही. तेव्हापासून हा ठिपका कपाळावर घेऊन मी लग्नात गेले, बारशात गेले, तुला या घरात आणली तेव्हा दारात उभी होते. त्यानं कोणाचं काही बिघडलं का? तुझंच काही बिघडलं का? शालू करपलेली भाकर उलटवत राहिली.

टिकलीचं पाकीट तिनं बेस्तवारीच फेकून दिलं होतं. पण न्हाणीतल्या आरशावर टिकल्या होत्या. रोज रात्री मंजूचं तोंड पुसताना शालू तिची टिकली काढून आरशाला चिकटवायची, सकाळी पुन्हा लावायची. त्या दोघी बायांनी कपाळ पुसलं, पाकीट गेलं, पण आरसा पुसायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी त्यातली मरून रंगाची, मोठी, नखानं सोडवून आणली आणि मंजूच्या भुवयांच्या मध्ये दाबून धरली.

गजेंद्रनं चौकट ठेवली. बाण कोपऱ्यातून उठला, मधोमध आला आणि मंजूनं पत्रिका उघडली. जाताना गजेंद्र तिच्या खुर्चीसमोर येऊन म्हणाला, "चुकलो, ताई. तुमी सांगत होत्या." तिनं त्याला विचारलं की लग्न झालं का, नसेल तर पत्रिका माझ्याकडूनच करून घे. तो लाल झाला.

रविवारी दुपारीच पत्रिका गेली. संध्याकाळी ओमप्रकाशांचा फोन आला. त्यांना नितेशचं कुठून तरी समजलं होतं. म्हणाले, "दुख हुआ बेटा." आणि पुढं, "वो दूसरा कार्ड कब दे रही हो?" देवाच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, पण छापखान्यावाल्याच्या मनातलं समजलं.

सोमवारी नितेशच्या मोठ्या भावाचा फोन आला. तेरवीचं सांगायला म्हणून केला होता, पण खरं कारण दुसरंच. आमच्या गल्लीतून कोणीतरी खबर पोचवली होती. त्यानं देवरावला विचारलं की पोरीच्या कपाळावर टिकली आहे म्हणतात, ते खरं का. देवराव अडखळला. मी फोन घेतला.

"हाये. मरून रंगाची हाये. तुमचा भाऊ तिले दारात टाकून गेला तवा तिचं कपाळ पाहाले आले असते, तं भरलेलंच दिसलं असतं. आता तेरवीले आमचं कोणी येणार नाही. अन् त्या दोघींले सांगा, बांगडीच्या काचेची जखम अजून भरली नाही."

मी फोन ठेवला आणि त्या दिवशीही वांगी थोडी जास्तच झाली.

शालू माझ्याशी बोलणं टाळत होती. बाजाराच्या दिवशी ती झेंडू विकून आली, पिशवीतली मेथी ओतली आणि मेथीखालून टिकल्यांचं नवं पाकीट काढून डब्यावर ठेवलं. कोणाकडं न पाहता म्हणाली की आरशावरच्या टिकल्यांचा गोंद गेला आहे, घामानं सटकतात, मग काम अडते. मी म्हटलं, हो. एवढंच आमचं बोलणं.

राग गेला का म्हणाल, तर नाही गेला. मनगटाची जखम मी रोज धुते. मंजूला ती दुखत नाही, म्हणून मलाच दुखते. काल ती काम करत असताना मी तिच्या मांडीवरचा हात घेऊन पट्टी बदलत होते. वाकता वाकता माझं डोकं कॅमेऱ्यापुढं गेलं आणि चौकट तिची टिकली सोडून माझ्या गोंदणावर उडी मारून बसली. बाण जो पळाला तो पत्रिकेतलं एक नाव घेऊनच पळाला.

"आजी, सरक बाजूले," मंजू म्हणाली. "नवरदेवाचा मामा गेला तुह्या मागं."